बाहेरच्या खोलीतला फोन

आमच्या गल्लीत पहिला फोन आला तो आमच्याकडे, आणि त्या दिवसापासून घर काही आमचं राहिलं नाही. पेणमधल्या ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी आमचा नंबर, पुढे ‘पीपी’, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहून, वाटून टाकला. शेजारचे मूर्तिकार काका तर गणपतीच्या हंगामात आमच्या बाहेरच्या खोलीतच ठाण मांडायचे. मुंबईच्या ऑर्डरींची वाट बघत, रंगाचे हात मांडीवर उताणे ठेवून. आई सगळ्यांना हसून चहा द्यायची आणि आत येऊन करवादायची.

त्यातच माझं लग्न ठरलं. मुलगा रोह्याचा, कंपनीत नोकरीला. बैठकीत सगळं ठरलं, फक्त मी इथली, पेणच्या शाळेतली नोकरी सोडायची की नाही, एवढंच राहिलं. मोठी माणसं म्हणाली, ‘ते दोघं बोलून घेतील. फोन आहे ना आता.’ वा रे फोन. ही नोकरी माझी मी मिळवलेली होती. ती सोडायला लागली तर लग्नालाच नकार द्यायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा खोलीत बाबा होते, काका-काकी होते, आणि भाचीच्या फोनसाठी येऊन बसलेल्या समोरच्या मावशी होत्या. उठावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. रोह्याची लाइन म्हणजे नुसती खरखर. मी भिंतीकडे तोंड करून हळूच म्हटलं, ‘नोकरीचं बोलायचं होतं.’

‘काय? जरा मोठ्यानं बोला.’

पुन्हा म्हटलं. पुन्हा ‘काय?’ मागून काकी म्हणाल्या, ‘वरडून बोल गो, नायतर ऐकू जायाचं नाय.’ मग माझंही डोकं फिरलं.

‘मी नोकरी सोडणार नाही!’

बाबांनी पेपर खाली घेतला. काकांनी रंगाचा हात कपाळाला लावला.

तिकडे रोह्याच्या एसटीडी बूथमध्ये तोही एकटा नव्हताच. ‘आई, ती नोकरी सोडणार नाही म्हणते,’ हे त्यानं बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. मग नुसती खरखर. संपलं सगळं, असं वाटलं आणि फार वाईट वाटलं, कारण मुलगा मला आवडला होता.

तेवढ्यात लांबून त्याच्या आईचा आवाज आला.

‘मग विचार की तिला, शाळा किती वाजता भरते. पेणच्या गाडीला डबा कधी तयार ठेवायचा, ते मला कळायला नको?’