मागची सीट

भोसरीत गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा एक जण आहे. दर उन्हाळ्यात त्याच्याकडे जाणं होतं, पण नाव विचारायचं राहूनच गेलंय. तक्रार सांगायला लागलो की तो बॉनेटकडे बघत ऐकतो आणि एकच प्रश्न विचारतो. यंदा म्हणाला, "चालत्या गाडीत गार लागतं आन् सिग्नलला गरम, आसंच ना?" तसंच होतं. बॉनेटमधला पंखा फिरत नव्हता. तासाभरात त्यानं तो बदलला.

काम झालं की गाडी उन्हातच चालू ठेवून तो मागच्या सीटवर जाऊन बसतो, दार लावून घेतो आणि दहा मिनिटं गप्प राहतो. मला त्या थांबण्याचा कंटाळा यायचा. या वेळी मी पुढून म्हणालो, "भाऊ, झालं की. मस्त गार लागतंय."

"पुढं लागतंच, साहेब." मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "आईला मागं झोपवून दवाखान्यात नेत होतो. मे महिना. चाकणच्या चौकात तासभर अडकलो. तिनं काईच सांगितलं न्हाई, आन् मला पुढं गार लागत होतं. दवाखान्यात मागचं दार उघडलं, तवा आतून वाफ आली. ती परत बोलली न्हाई."

किल्लीवरचा हात मी काढून घेतला. उतरलो आणि मागं त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मागंही चांगलंच गार झालं होतं.

तरी तो उठेना.