बाईंचा तार षड्ज

साउंडवाल्याची आठवण लोकांना एकदाच होते, माईक शिट्टी मारतो तेव्हा. मग अख्खं सभागृह माना वळवून मागं बघतं आणि टेबलामागं मी बसलेलो असतो, चोर सापडल्यासारखा. बाकीचे तीन तास मी असलो काय नि नसलो काय. याची मला सवय आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही आहे. सोलापुरात संगीत नाटक करणारी मंडळी आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत आणि त्यातल्या बहुतेकांना प्रयोगाला मीच लागतो. हा माणूस चुकत नाही, असं ते म्हणायचे. मीही तसंच समजत होतो.

धंदा वडिलांचा. त्यांचं लाउडस्पीकर आणि मांडवाचं दुकान होतं. लग्नात मी आवाज वाढवला की ते लांबून ओरडायचे, "अरे कम कर, नौशा भाग जाएगा!" नौशा म्हणजे नवरदेव. पुढं मी साउंडचा मिक्सर चालवायला शिकलो आणि नाटकाच्या नादाला लागलो. लग्नाची कामं अजूनही करतो, पण नाटकाचं काम आलं की घरच्यांना न सांगता कळतं. त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलत नाही आणि जेवताना ताटावर बोटं नाचवत बसतो.

तीन वर्षांपूर्वी एका हौशी मंडळानं नवं संगीत नाटक बसवलं. लिहिलं आणि दिग्दर्शित केलं होतं बँकेतून निवृत्त झालेल्या एका सरांनी. राजमातेचं काम एका निवृत्त शिक्षिकेकडं होतं. सगळे त्यांना बाई म्हणायचे, म्हणून मीही. वय सत्तरीला टेकलेलं. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं मराठी बोलता बोलता मधेच कानडी यायचं, आणि मी त्यांचा पहिल्या दिवसापासून 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. तालमीला येताना त्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायच्या आणि डबा आधी माझ्यापुढं उघडायच्या. "खा की तम्मा. तू उपाशी राहिलास तर आमचे माईक बंद करशील."

तरुणपणी बाईंनी वरच्या सुरावर टाळी घेतल्याशिवाय विंग गाठली नाही, असं जुने लोक अजून सांगतात. त्या स्वतः मात्र टाळीबद्दल वेगळंच बोलायच्या. रंगमंचावर माणसाला आपलाच सूर नीट कळत नाही, तो समोरच्यांकडून कळून घ्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. घरी त्या चार-पाच मुलींना गाणं शिकवायच्या. सूर चुकला की मान फिरवायच्या, बरोबर आला की गुडघ्यावर एक चापट. तेवढ्यावर मुली शिकत होत्या.

नाटकात बाईंना एकच पद होतं, दुसऱ्या अंकात. शेवटच्या ओळीत तार षड्जावर जाऊन चांगलं चार-पाच सेकंद थांबायचं. तालमीत तो सूर कधी लागायचा, कधी चिरकायचा. रंगीत तालमीत चिरकलाच. बाई हसल्या, "आज घशाला सुट्टी हाय की," म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या. सरांनी मला बाजूला घेतलं. "तिथं जरा सांभाळून घ्या. पण त्यांना कळू देऊ नका, उगाच धसका घेतील."

सांभाळा एवढंच सर म्हणाले. कसं सांभाळायचं ते मी सुचवलं, आणि सुचवताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं. त्या सुराला बाईंच्या माईकचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, अलगद खाली घ्यायचा आणि ऑर्गन वर आणायचा. ऑर्गन तोच सूर धरून असतो, लोकांना वाटतं बाईंचा आवाज त्यातच मिसळलाय. बाईंना पत्ता लागण्याचाही प्रश्न नव्हता. रंगमंचावर त्यांच्या पायाशी जो छोटा स्पीकर असायचा त्यात त्यांना फक्त ऑर्गन आणि तबला लागायचा. स्वतःचा आवाज त्यात आला की गोंधळायला होतं, अशी त्यांची जुनी तक्रार होती.

प्रयोग रविवारी दुपारी होता. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं, पंखे घरघरत होते, पहिल्या रांगेतले पाहुणे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. दुसरा अंक सुरू झाला आणि सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बाईंचं पद आलं. खालचे सूर त्यांनी असे काही लावले की मोबाइलवाल्यांनीही माना वर केल्या. मी कानाला हेडफोन लावला होता. त्यात एकेक माईक वेगळा ऐकता येतो, फेडर खाली असला तरी. शेवटची ओळ आली. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी फेडर ओढला आणि ऑर्गन चढवला.

आणि हेडफोनमध्ये बाईंचा तार षड्ज आला. स्वच्छ. कुठं कंप नाही, ताण नाही, कडेला खरखर नाही. तालमीत एकदाही असा आला नव्हता.

सूर टिकला होता. फेडर वर न्यायला अर्धा सेकंद पुरतो, बोट त्याच्यावरच होतं. मी नेला नाही. मधेच आवाज उसळला तर कानाला खटकेल, असं एक कारण मी पुढं बरेच दिवस स्वतःला देत होतो. खरं कारण एवढंच की मला भरवसा नव्हता. पुढच्या क्षणी चिरकतील, असं धरून मी बसलो होतो. चिरकल्या नाहीत. सूर पूर्ण झाला, त्या समेवर आल्या, आणि भरलेल्या सभागृहात ऑर्गन ऐकून कोण टाळ्या वाजवणार? बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग पुढचं वाक्य बोलल्या. त्या क्षणभराच्या थांबण्याला सर अभिनय समजले आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

प्रयोगानंतर मी वायरी गुंडाळत होतो. बाई मेकअप न उतरवता थेट माझ्याकडं आल्या. "तम्मा, खरं सांग. वरचा सा लागला का रे?"

"लागला की बाई."

"मग लोकांना का न्हाय कळला?"

"पंख्यांचा आवाज लई होता," मी म्हणालो. त्यांनी वर पंख्यांकडं बघितलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. प्रयोगाचं रेकॉर्डिंग पाहिजे होतं. "कुणाला दाखवायला नको रे. मला माझा कान तपासायचाय." रेकॉर्डिंग माझ्याकडं होतं, पण ते मिक्सरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचं. त्या जागी नुसता ऑर्गन. ऐकलं असतं तर त्यांना पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. मी सांगितलं, कार्ड खराब झालं, काहीच उतरलं नाही. "असू दे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची मला आज लाज वाटते.

पुढचा प्रयोग कुर्डुवाडीला ठरला होता. बाईंनी काम सोडल्याचं सरांकडून कळलं. तब्येतीचं कारण असेल, असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं, कारण ते सोयीचं होतं. राजमातेचं पद कापलं आणि प्रयोग व्यवस्थित पार पडला. मी चुकलो नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत एका लग्नाचं काम होतं. सकाळी स्पीकर लावून झाल्यावर मी त्यांच्या दारात गेलो. बाई वाळल्या होत्या, पण "ये तम्मा, जेवलास का?" तेच. बसलो. पेटी चादरीखाली झाकलेली, वर वर्तमानपत्रांचा ढीग. मुली येतात का शिकायला, मी सहज विचारलं.

"नाही रे. त्या नाटकानंतर बंद केलं. मला वाटत होतं सूर बरोबर लागला, आणि समोर एवढी माणसं गप्प. ज्या कानाला स्वतःचं बेसूर कळत नाही, तो पोरींना काय शिकवणार? नुकसान व्हायचं त्यांचं. सगळ्यांना परत पाठवलं."

नंतर मी जे सांगितलं ते उभं राहून सांगितलं. बसून सांगता आलं नाही. फेडर, ऑर्गन, हेडफोन, न दिलेलं रेकॉर्डिंग, सगळं. सर सांभाळा म्हणाले होते, पण युक्ती माझी होती, हेही. सांगून झालं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तू ऐकलास? अगदी नीट?"

"अगदी नीट, बाई. असा सूर मी परत ऐकला नाही."

त्या रागावतील, हाकलून देतील, निदान रडतील, अशी मी तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही. त्या भिंतीकडच्या सतरंजीकडं बघत बसल्या, मुली जिथं बसायच्या तिथं.

"त्यातली एक लई चांगली गायची," बाई म्हणाल्या. "जाताना रडली रे ती. बाई, माझं काय चुकलं, असं विचारत होती. आता मी तिला काय सांगू?"