कान लावणारे मिस्त्री

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मध्येच कोणी बोललं की मिस्त्री म्हणायचे, "थांबा, त्याचं होऊ द्या. मंग तुमचं."

तुमच्याही भागात असं एखादं माणूस असेल म्हणा. आमचे मिस्त्री सातपूरच्या रस्त्यावर लिंबाखाली बसायचे. मूळचे निफाडकडचे, बोलणंही तिकडचंच.

ऐंशीच्या आसपास मला सातपूरच्या एका कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली. शिफ्टच्या वेळी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसे, म्हणून जुनी स्कूटर घेतली. सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. "एकदा जरी बंद पडली, तर नोकरीही बंद," त्यांनी बजावलं. आमचे हे नेहमीप्रमाणे पेपरात डोकं घालून बसले.

मिस्त्रींना हे सांगितलं, तर त्यांनी स्कूटर मलाच उघडायला लावली. "कार्ब्युरेटर पेट्रोलात हवा कालवतो, पिस्टन ते दाबतो, प्लग पेटवतो. त्या दणक्यानं पिस्टन खाली अन् चाक पुढं. हितं कोणी मोठं नाय, ताई. एक रुसला की सगळे बसले."

"आमच्या घरासारखंच की," मी म्हटलं. मिस्त्री डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर सुरू व्हायची आणि लगेच विझायची. सासूबाई दारात उभ्या. गेली नोकरी, असंच वाटलं मला. शेजाऱ्यांनी मिस्त्रींना बोलावून आणलं, तर ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"प्लग?"

"ठिणगी पडतेय. पेट्रोलानं ओला झालाय."

"मंग राहिलं काय?"

"हवा."

बाजूचा पत्रा काढला, तर हवेच्या तोंडाशी झेंडूच झेंडू! आदल्या दिवशी सासूबाईंनी यंत्राची पूजा केली ती थेट इंजिनाची, फुलं आत खोचून. त्यांचा चेहरा पार उतरला.

"आजी, पूजा केली म्हंजी गाडी घरातली झाली," मिस्त्री म्हणाले. "फुलं तेवढी हँडलला घाला."

मी फुलं काढली, किक मारली. सासूबाई आत गेल्या आणि माझा डबा घेऊन आल्या. मला मेलीला भरूनच आलं.

पुढे काही वर्षांनी मिस्त्री गेले. लिंबाखालून जाताना अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. बातमी कळली त्या दिवशी मी त्यांच्या घरी निघाले, तर सासूबाई चपला घालून तयार.

"रिक्षा बोलावू?" मी विचारलं.

त्यांनी पदर कमरेला खोचला आणि स्कूटरवर माझ्यामागे बसल्या.