वळणावरची घंटी

लेकीकडे इंग्लंडला आलो की आम्ही दोघं सायकली काढतो. दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं, मधून चिंचोळा रस्ता, गाडी एकही नाही. ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर माझी एकच अट आहे: खुशाल पुढे जा, पण वळणापलीकडे गेलात की घंटी वाजवा.

आज हे वळले आणि घंटी वाजलीच नाही. पुण्यात हॉर्नच्या नावाने मी बोटं मोडते. इथली शांतता मात्र छातीवर येऊन बसली. शांतता म्हणजे सगळं ठीक, असं कोण म्हणतं?

जीव खाऊन पॅडल मारत मी वळले. हे सायकल धरून कुंपणाला चिकटून उभे होते. समोरून एक बाई घोड्यावरून सावकाश येत होती.

"घंटीने घोडा बुजतो गं," हे कुजबुजले.

घोडा दिसेनासा झाला. मी शेजारीच उभी होते, तरी ह्यांनी घंटी वाजवली.