बंदूकबाजाबद्दल त्यांचं मत

कोथरूडच्या आमच्या फिल्म क्लबात एक गृहस्थ नेहमी शेवटच्या रांगेत बसत. नाव मी कधी विचारलं नाही. चर्चेत मात्र त्यांच्या मताची सगळे वाट बघत. "दिग्दर्शकाला घाई नव्हती, आम्हाला होती," असं एखादंच वाक्य बोलून ते खाली बसत.

पक्षाघातात उजवा हात गेला, तरी ते येत राहिले. परवा क्लबात एक वेस्टर्न सिनेमा दाखवला. उजवा हात निकामी झालेला बंदूकबाज डाव्या हातानं नेमबाजी शिकतो आणि शेवटी सगळ्यांना लोळवतो. जो तो त्याच्या जिद्दीचं कौतुक करत होता. पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे वळून त्यांना म्हणाल्या, "तुम्हाला तर फारच प्रेरणा मिळाली असेल ना?"

"अहो, तो पिस्तूल चालवायला लागला. माझ्या शर्टाची बटणं अजून बायको लावते."

कोणी हसलं नाही. संयोजकांनी घाईघाईनं दुसऱ्याचं मत विचारलं.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. आत बसल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिनेमा वाईट नव्हता हो. फक्त तो बंदूकबाज हरेल, या आशेवर मी शेवटपर्यंत थांबलो होतो."