टाकानिनीचं फाटक

अकोल्यात बेबीताईंना कुणी भित्री म्हटलं नसतं. नवरा, दादाराव, गेले तेव्हा मुलगा अमेय शाळेत होता. बालवाडीत मदतनीस म्हणून काम करत त्यांनी एकटीनं त्याला इंजिनिअर केलं. एकदा बालवाडीच्या खोलीत साप निघाला, तेव्हा शिक्षिकाबाई टेबलावर चढल्या आणि बेबीताईंनी एकेका पोराला बखोटीला धरून बाहेर काढलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि मग पाणी प्यायल्या.

पण मुलाकडे न्यूझीलंडला, टाकानिनीत राहायला आल्या आणि त्यांच्या मनात भीतीनं बिऱ्हाड केलं. फोडणीचा धूर झाला की छतावरचं यंत्र किंचाळायचं, त्याची भीती. दारावरची बेल वाजली आणि बाहेर इंग्रजी बोलणारं कुणी असलं तर, त्याची भीती. सगळ्यांत मोठी भीती ही, की आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होईल. गुडघे धरलेले, चाल मंद. त्यामुळे कुठं जायचं म्हटलं की त्या सगळ्यांच्या आधी तयार होऊन दाराशी बसायच्या.

सून संघमित्रा हॉस्पिटलात नर्स होती. कामाला वाघ, बोलायला कमी. दोघींचं भांडण कधी झालं नव्हतं, पण गप्पाही कधी रंगल्या नव्हत्या. "आई, चहा घेतला का?" आणि "हो, घेतला," यापुढे गाडी सरकत नसे.

त्या शनिवारी संघमित्रानं त्यांना माउंट वेलिंग्टनच्या मॉलमध्ये नेलं होतं, गुडघ्यांना बरे पडतील असे बूट बघायला. आठवडाभर पाऊस नुसता कोसळला होता आणि त्या दिवशी कुठं उघडीप मिळाली होती. मनाजोगे बूट मिळाले नाहीत. परतताना मोटरवे सोडल्यावर संघमित्रानं वाटेतल्या एका पंपावर पेट्रोल भरलं. बेबीताई नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर, मांडीवर भाजीची पिशवी.

पंपावरून निघून थोडं अंतर गेलं असेल, तेवढ्यात गाडीनं एक हिसका दिला. दम्याचा माणूस खोकतो तसा. मग आणखी एक.

"काय झालं वं?" बेबीताईंनी विचारलं.

"बघते आई. दिवा लागलाय एक."

समोरच्या काचेखाली पिवळा दिवा पेटला होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सगळी थरथरत होती, पिशवीतल्या मेथीची पानंसुद्धा. घर रेल्वे फाटकाच्या पलीकडेच होतं, चार-पाच मिनिटांवर. "घरी पोचू, मग अमेयला दाखवू," संघमित्रा म्हणाली. बेबीताईंनी पिशवी घट्ट धरली. आपण काय सांगणार?

फाटक उघडं होतं. संघमित्रा नियमानं रुळांच्या अलीकडे थांबली, पुढची गाडी पलीकडे जाऊन जागा मोकळी झाल्यावरच निघाली. पहिले रूळ ओलांडले आणि गाडीनं एक लांब उसासा टाकला. बंद. दुसऱ्या रुळांच्या बरोबर मधोमध.

संघमित्रानं बटण दाबलं. खर्रर्र. पुन्हा दाबलं. खर्रर्र.

आणि घंटा वाजायला लागली.

टिंग, टिंग, टिंग, टिंग. ही घंटा बेबीताईंना घरात बसूनही ऐकू यायची, दिवसातून कितीतरी वेळा. घरात ती शाळेच्या घंटेसारखी वाटे. आता ती डोक्यात वाजत होती. दोन्ही बाजूंचे लाल दिवे उघडझाप करू लागले, आडवे दांडे खाली यायला लागले आणि स्टेशनच्या बाजूनं ट्रेनचं पिवळं तोंड दिसलं.

"आई, उतरा! आई!"

बेबीताईंचा हात पट्ट्याच्या खटक्याकडे गेला, पण खटक्यावर भाजीची पिशवी आलेली. पिशवी सरकेना की बोटं वळेनात, कोण जाणे. बुद्धवंदनेतलं त्रिसरण ओठांवर आलं आणि पहिल्या ओळीनंतर पुढची ओळच आठवेना, जी त्या लहानपणापासून म्हणत आल्या होत्या. मनात एकच विचार घुमत होता: ही पोरगी माझ्यापायी मरते.

"तू जाय," त्या म्हणाल्या. "तू जाय बेटा, मले राहू दे."

मागचं दार खाडकन उघडलं. संघमित्रा अर्धी आत वाकली, पिशवी तिनं ओढून बाहेर फेकली, खटका दाबला आणि सासूचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलंच. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. पाय जमिनीला लागला तो थेट रुळावर. एक चप्पल तिथंच अडकली. तेवढ्यात मागच्या गाडीतून एक धिप्पाड माओरी माणूस धावत आला. त्यानं काहीच विचारलं नाही. बेबीताईंना लहान पोरासारखं उचललं आणि दांड्याच्या बाहेर, गवतावर नेऊन ठेवलं.

ट्रेनचा भोंगा वाजला आणि वाजतच राहिला. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा असा आवाज आला की बेबीताईंनी दोन्ही हातांनी कान दाबले आणि डोळे मिटले. संघमित्रा अंगाला अंग लावून बसली आहे, एवढंच त्यांना कळत होतं.

आवाज थांबला. धडक ऐकू आली नव्हती.

त्यांनी डोळे उघडले. ट्रेन नुकतीच स्टेशनातून सुटलेली, अजून वेग धरायची होती, म्हणून ड्रायव्हरला थांबवता आली. थांबली तरी ती इतकी जवळ होती, की ट्रेन आणि त्यांची छोटी पांढरी गाडी यांच्यामध्ये जेमतेम एक बैलगाडी मावली असती. वर काचेमागे ड्रायव्हर दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

"यू आर ऑल राइट, आंटी," तो धिप्पाड माणूस म्हणत होता. बेबीताईंना त्यातलं 'आंटी' तेवढं कळलं. त्यांनी त्याचे हात धरले ते सोडवेनात.

मग लोकांनी गाडी ढकलून बाजूला घेतली. पोलीस आले. संघमित्राला एका यंत्रात बोलायला लावलं, दारू प्यायली आहे का ते बघायला. प्रश्नांवर प्रश्न. ती उत्तरं देत होती, पण ओठ पांढरे पडले होते. अमेय पोचला तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

खरी भीती घरी आल्यावर सुरू झाली. चहा पुढ्यात निवत होता आणि अमेय येरझारा घालत होता.

"सर्व्हिसिंग मागच्याच महिन्यात केलंय. गाडी अशी बंद कशी पडेल? तू पॅनिक झालीस का? चुकून गिअर बदलला गेला असेल."

"नाही रे."

"सलग ड्युट्या केल्यास तू या आठवड्यात. डुलकी लागली असेल क्षणभर. मी दोष देत नाहीये, फक्त विचारतोय."

संघमित्रा स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "माहीत नाही," ती हळू म्हणाली. "असेलही. मला आता काहीच नीट आठवत नाही. पोलीस म्हणाले, चौकशी होईल. केस झाली तर हॉस्पिटललाही सांगावं लागेल. अमेय, मी आईंना मारलं असतं रे."

हे ऐकून बेबीताई रुळांवर घाबरल्या नव्हत्या एवढ्या घाबरल्या. ट्रेन तर थांबली होती. पण ही पोर आता आपण न केलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला लागली होती, आणि ते थांबवणारं कुणी नव्हतं. मुलासमोर सुनेची बाजू घ्यायची, तेही गाडीच्या बाबतीत? तुला काय कळतं, म्हणेल.

त्या भिंतीला धरून उठल्या.

"अमेय, तिले कायले बोलून राह्यला? मी होती ना तिथं. तू होता का?"

"आई, तुला नाही कळणार..."

"मले गाडी कळत नाही. कान हायेत मले. पंपावरून निघालो तवापासून खोकत होती गाडी. दिवा लागला, ते तिनं मले सांगितलं. झोपेत सांगितलं का? घंटा वाजली तवा एकटी पळून जाता आलं असतं तिले. मी म्हटलंही, जाय. ते नाही गेली."

अमेय थांबला. तेवढ्यात लांबून फाटकाची घंटा ऐकू आली, आणि तिघांनीही एकदम श्वास रोखला.

"पंपापासून?" अमेयनं विचारलं.

"पंपापासून."

सोमवारी तो आईला घेऊन गॅरेजवर गेला. गॅरेजवाला श्याम फिजीकडचा, हिंदी बोलणारा. त्यानं टाकीतलं पेट्रोल एका काचेच्या बरणीत काढून ठेवलं होतं. वर पिवळसर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी, मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ.

"देखो माताजी, नीचे सब पानी है," तो म्हणाला. पावसाचं पाणी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत शिरलं होतं. त्याच पंपावर पेट्रोल भरलेल्या आणखी काही गाड्याही त्याच्याकडे आल्या होत्या. त्यातली एक मोटरवेवर बंद पडलेली.

अमेय बरणीकडे बघत उभा राहिला. मग तिथूनच त्यानं संघमित्राला फोन लावला. काय बोलला ते बेबीताईंनी ऐकलं नाही. मुद्दाम लांब जाऊन उभ्या राहिल्या. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

श्यामनं लिहून दिलेल्या कागदावर पोलिसांनी प्रकरण मिटवलं. पंपवाल्यांनी माफी मागून दुरुस्तीचा खर्च उचलला. टाकी धुतली, फिल्टर बदलले, गाडी घरी आली.

पण भीती काही अशी धुवून निघत नाही. घंटा वाजली की बेबीताईंच्या हातातून लाटणं निसटायचं. संघमित्रा बरेच दिवस ट्रेननं कामावर जात होती, आणि ट्रेन फाटकावरून जाताना डोळे मिटून घ्यायची, असं तिनंच सांगितलं. आता ती सांगायची. संध्याकाळी स्वयंपाकघरात उंच स्टुलावर बसून, कांदा चिरत चिरत, वॉर्डातलं, माहेरचं, कशाबद्दलही.

"आई, तुम्ही मला जा म्हणालात ना, तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता," एकदा ती म्हणाली.

"मले माहीत हाये," बेबीताई म्हणाल्या. "असा दंड धरला होता तू, निळा डाग पडला होता."

पुढं ती पुन्हा गाडी चालवायला लागली. घरी यायला फाटकाची वाट सगळ्यांत जवळची, पण ती रुळांवरच्या लांबच्या पुलावरून वळसा घालून येते. बेबीताई मागं बसून पूल ओलांडेपर्यंत मुठी आवळून असतात. अमेय एकटा असला तरी त्याच वळशानं येतो. त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही.