काशीत सोडलेलं सीताफळ

काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ नाहीतर भाजी कायमची सोडून यायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. रिवाज चांगला आहे, माणसं लबाड आहेत. निम्मं कोथरूड काशीत दुधीभोपळा सोडून आलेलं आहे. जिचं नाव काढलं की घरात तोंडं वाकडी होतात ती भाजी गंगेला वाहायची आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं.

सत्यशीलाबाईही घाटावर उभ्या राहून दुधीचंच नाव घेणार होत्या. पण त्यांचे यजमान नागोराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तपासल्याशिवाय काही पुढं सरकू द्यायचं नाही, ही हाडाची सवय.

“देवाला काय दुधी देतेस? सोडायचं तर आवडीचं सोडावं,” असं म्हणून त्यांनी स्वतः सीताफळ सोडलं.

सीताफळ म्हणजे नागोरावांचा जीव की प्राण. सासवडची सीताफळं आली की ते ती तांदळाच्या डब्यात पिकत घालायचे आणि दात घासायच्या आधी डब्यात हात घालून एकेक दाबून बघायचे. असा माणूस सीताफळ सोडतोय म्हटल्यावर सत्यशीलाबाईंना लाज वाटली आणि त्यांनी वांगं सोडलं. भरलं वांगं करावं तर सत्यशीलाबाईंनीच, अशी त्यांची सगळ्या नात्यात ख्याती होती.

सोडलं ते सोडलंच. भोगीच्या भाजीतल्या वांग्याच्या फोडी त्या निमूटपणे नवऱ्याच्या ताटात टाकायच्या. आणि सीताफळही त्यांनी घरात आणलं नाही. त्यांनाही ते आवडायचं, भलतंच आवडायचं, पण ज्याला वर्ज्य आहे त्याच्यासमोर बसून मिटक्या मारायच्या हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. नेम एकाचा आणि उपास दोघांचा. असं एक तप उलटलं.

मग गेल्या वर्षी चैत्रात नागोराव गेले.

माणूस गेल्यावर बाजारसुद्धा बदलतो, हे कुणी आधी सांगत नाही. पाव किलोच्या खाली कुणी तोलून देत नाही आणि पाव किलो गवार एकटीला तीन दिवस पुरते. कोबीचा गड्डा घ्यावा तर फ्रिजमध्ये आठवडाभर तोंड दाखवत बसतो. उन्हाळ्यात अख्खं कलिंगड घ्यायचा प्रश्नच नव्हता. चिरून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली फोड त्या उचलायच्या आणि कुणी ओळखीचं बघत नाही ना, हे पाहून पिशवीत टाकायच्या. मुलगी अपेक्षा खराडीला, आयटीत. “आई, सगळं ॲपवर मिळतं गं, तू कशाला उन्हात जातेस?” असं ती फोनवर म्हणायची. आपण बाजारात भाजीसाठी जात नाही, कुणीतरी ‘काय देऊ?’ असं विचारावं म्हणून जातो, हे लेकीला सांगायचं तरी कसं?

यंदा पितृपक्षात पहिल्यांदाच नागोरावांच्या नावानं पान वाढायचं होतं. गुरुजी फोनवर म्हणाले, “त्यांच्या आवडीचं काहीतरी असू द्या पानात.”

इथं बाई अडल्या. आवडीचं म्हणजे सीताफळ, आणि सीताफळ तर सोडलेलं. वाढावं तर नेम मोडतो, न वाढावं तर माणूस उपाशी. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाल्यावर सकाळी त्यांनी पुन्हा गुरुजींना फोन लावला. गुरुजी पुण्याचेच. “काशीचा नेम देहाबरोबर संपतो, बाई. वर कुणी तपासायला बसलेलं नाही,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मंडईपर्यंत जायचं बळ नव्हतं, म्हणून त्या बसस्टॉपजवळच्या फळांच्या गाडीवर गेल्या. नागोराव रोज सकाळी त्या बाजूला फिरायला जायचे, बाईंचा तिकडं कधी पाय पडला नव्हता. गाडीवाला मैनुद्दीन चाळिशीचा. त्याच्या आजोबांपासून घरात फळांचाच धंदा.

“चार सीताफळं द्या. उद्याला तयार होतील अशी.”

मैनुद्दीन फळांकडं बघेना, बाईंच्या हातातल्या पिशवीकडं बघत राहिला. ती बाईंनी नवऱ्याच्या जुन्या पँटची शिवलेली होती, मागच्या खिशासकट.

“काकू, ही पिशवी काकांची ना? उंच, चष्मेवाले? बरेच दिवस दिसले नाहीत.”

“गेले ते. दीड वर्ष होईल.”

त्यानं हातातला तराजू खाली ठेवला. मग ढिगात हात घालून त्यानं एक मोठं, डोळे चांगले उघडलेलं सीताफळ काढलं. “त्यांना असलंच लागायचं.”

“तुम्हाला काय माहीत?”

“माहीत म्हणजे? सीझनभर इथंच तर खायचे. या स्टुलावर बसून. घरी न्या म्हटलं की म्हणायचे, नको रे बाबा, घरी बंदी आहे.”

सत्यशीलाबाई सीताफळं घेऊन घरी आल्या आणि पिशवी ओट्यावर आपटली. कुणाची बंदी? कुणी घातली बंदी? घाटावर अक्कल शिकवली कुणी? इतकी वर्षं वांग्याला बोट लावलं नाही, सीताफळाकडं मान वळवून बघितलं नाही, आणि हा माणूस रोज सकाळी स्टुलावर बसून बिया थुंकत होता, घरी येऊन शहाजोगपणे ‘चहा टाक’ म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पान वाढलं ते दुधीच्या भाजीचं. बसा खात.

फोटोसमोर उभ्या राहून त्या भांडल्या, चांगल्या मोठ्यांदा. शेजारच्या वेणूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. लग्नानंतर एवढा भांडणाचा मुद्दा बाईंच्या हाती कधी लागला नव्हता. नागोराव असते तर आधी कानावर हात ठेवले असते, मग पुरावा मागितला असता, मग संध्याकाळी गुपचूप गजरा आणला असता. आता समोरून काहीच येईना. बोलता बोलता त्यांचा आवाज आपोआप खाली आला. त्या खाली बसल्या आणि रडल्या. मग त्यांनी चारही सीताफळं एकटीनं खाल्ली. गोड होती, आणि ह्यांच्याबरोबर खाता आली असती.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या मनात आलं, दीड वर्षात आपल्याला ह्यांच्याबद्दल पहिल्यांदा काहीतरी नवीन कळलं. गेलेला माणूस संपलेला असतो, त्याचं जे काही होतं ते आपल्याला पाठ झालेलं असतं. आणि आता ह्यांची बातमी आली होती.

सकाळी त्या पुन्हा गाडीवर हजर झाल्या. एक सीताफळ घेतलं. “आणखी काय करायचे ते?”

मैनुद्दीननं सांगितलं. फळ आधी नाकाला लावायचे. एकच घ्यायचे. कुणी पोरगा अर्धवट खाऊन टाकायला लागला की त्याला झापायचे. बाई हे सगळं घेऊन घरी गेल्या आणि दिवसभर त्यावर राहिल्या. मग त्यांचा तो शिरस्ताच झाला. रोज एक सीताफळ आणि रोज काहीतरी. पावसात गाडीवर छत्री धरून उभे राहिले होते ते एकदा. मैनुद्दीनच्या मुलीला, सुमय्याला, दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा पेढे मागून घेतले होते. हे कळल्यावर बाई दोन दिवस खुशीत होत्या.

पण गाडीवर बसून फळ खाणाऱ्या माणसाबद्दल फळवाल्याला असून असून किती माहीत असणार? दिवाळी झाली. सीताफळं लहान आणि खडबडीत यायला लागली, ढिगाच्या शेजारी बोरं दिसायला लागली. मैनुद्दीन आता बोलण्याआधी जरा थांबायचा, गिऱ्हाईक आलं की त्याला बरं वाटायचं. एक दिवस बाईंनी नेहमीसारखं विचारलं, तेव्हा तो पेरू पुसत म्हणाला, “काका गाणं म्हणायचे, काकू. बसल्या बसल्या.”

नागोरावांनी जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं. आरतीलासुद्धा ते नुसत्या टाळ्या वाजवायचे. पण सीताफळाच्या बाबतीत तरी आपण कुठं खरं ओळखलं होतं, असं मनात येऊन बाईंनी विचारलं, “कोणतं गाणं?”

मैनुद्दीननं पुसलेला पेरू पुन्हा पुसायला घेतला. “जुनं... जुनंच काहीतरी. आता नाव नाही आठवत.” त्यानं मान वर केली नाही.

बाईंना समजायचं ते समजलं. त्यांनी पिशवी पोटाशी धरली आणि त्या स्टुलावर बसल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग?”